पृथ्वी मोजणारे कर्नल लॅम्बटन

भूगोलाच्या तासाला तुम्ही वसई तालुक्याचा नकाशा पाहिला असेल. त्यात रेल्वेची काळी रेघ आहे, वैतरणा नदी आहे, वसईची खाडी आहे, मिठागरे आहेत. पूर्वेला तुंगारेश्वरच्या डोंगरावर बोटाच्या ठशासारख्या वळणावळणाच्या तपकिरी रेषा आहेत. त्यांना समोच्चरेषा म्हणतात. ज्या नकाशात अशा रेषा, वाटा, विहिरी, नाले, रान आणि वस्ती सारे दाखवलेले असते, त्याला स्थलदर्शक नकाशा म्हणतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकपद्धतीत आपल्या वसईचा नकाशा ४७ ए/१५ या क्रमांकाचा आहे.

असा नकाशा पुन्हा कधी हातात आला तर डोंगरमाथ्यांकडे नीट पाहा. काही ठिकाणी एक अगदी लहान त्रिकोण दिसेल. त्याच्या मध्यभागी टिंब असते आणि शेजारी उंचीचा आकडा असतो. घाईत पाहणाऱ्याच्या नजरेतून तो सुटतो. परंतु साऱ्या नकाशाचा भार या इवल्याशा त्रिकोणांवर असतो. नदी कोठे वळली, पठार कोठे संपले, दरी कोठे सुरू झाली, हे कागदावर जागच्या जागी बसते ते या त्रिकोणांमुळे.

आपल्या देशात हे त्रिकोण मांडायला ज्यांनी सुरुवात केली, त्यांचे नाव विल्यम लॅम्बटन. ते जन्माने इंग्रज होते. पण त्यांच्या आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे हिंदुस्थानच्या उन्हापावसात गेली आणि त्यांची कबर आपल्या महाराष्ट्रात, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे आहे.

लॅम्बटन यांचा जन्म १७५३ च्या सुमारास इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशर परगण्यात झाला. नक्की तारीख सांगता येत नाही, कारण गरीब शेतकऱ्याच्या घरी कोण तारखा लिहून ठेवतो? घरची परिस्थिती बेताची होती. मुलगा मात्र गणितात हुशार होता. गावातील काही जाणत्या लोकांनी त्याला जवळच्या शाळेत घातले. पुढे ते फौजेत भरती झाले आणि अमेरिकेला गेले. त्या वेळी अमेरिकेतील वसाहती इंग्लंडविरुद्ध लढून स्वतंत्र होत होत्या. लढाई संपल्यावर इंग्रजांकडे राहिलेल्या कॅनडाच्या भागात नव्या वसाहतकऱ्यांना जमिनी वाटून देण्याचे काम निघाले. जमीन वाटायची तर आधी ती मोजली पाहिजे. लॅम्बटन मोजणीचे काम तेथे शिकले.

नंतर न्यू ब्रन्सविक प्रांतात त्यांना फौजेच्या बराकींवर देखरेख करण्याची नोकरी मिळाली. काम हलके होते, पगार बरा होता, वेळ भरपूर होता. असा वेळ मिळाल्यावर माणूस काय करतो यावरून त्याची पारख होते. लॅम्बटन यांनी तेरा वर्षे गणित आणि ज्योतिर्विद्येची पुस्तके वाचली. बाजारात मिळेल ते पुस्तक मागवावे, एकट्याने बसून उदाहरणे सोडवावीत, रात्री आकाश पाहावे, असा त्यांचा क्रम होता. असेच एकदा सूर्यग्रहण पाहताना त्यांनी पुरेशी काळजी घेतली नाही आणि त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी अधू झाली असे सांगतात. (ग्रहणाच्या दिवशी तुम्हांला मी वर्गात पुन्हा पुन्हा का बजावतो, ते आता ध्यानात आले असेल.) ज्या माणसाला पुढे आयुष्यभर दुर्बिणीतून मैलोगणती दूरचे निशाण टिपायचे होते, त्याचा एक डोळा कामाचा राहिला नव्हता.

त्यांची पलटण हिंदुस्थानात पाठवण्यात आली, तेव्हा त्यांनाही ती नोकरी सोडून पलटणीबरोबर यावे लागले. ते आले तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. बरोबरीचे अधिकारी त्यांच्याहून लहान होते. बोलणे कमी, वागणे साधे, पार्ट्यांची हौस नाही. लोक त्यांना जरा विक्षिप्तच समजत असावेत.

१७९९ मध्ये कंपनीच्या फौजेने श्रीरंगपट्टणला वेढा घातला. म्हैसूरचे शूर सुलतान टिपू यांची ही अखेरची लढाई होती. ४ मे १७९९ रोजी ते लढता लढता धारातीर्थी पडले, हे तुम्ही इतिहासात शिकला आहात. त्या मोहिमेत लॅम्बटन कंपनीच्या बाजूने होते. एका अंधाऱ्या रात्री त्यांची तुकडी कूच करत होती. सेनापती बेअर्ड यांना वाटत होते की आपण दक्षिणेकडे चाललो आहोत. लॅम्बटन यांनी आकाशातील ताऱ्यांकडे पाहिले आणि सांगितले की आपण उत्तरेकडे, म्हणजे सरळ टिपूच्या फौजेच्या दिशेने चाललो आहोत. सेनापतींना आधी विश्वास वाटेना. मग होकायंत्र पाहिले तेव्हा ताऱ्यांचेच म्हणणे खरे निघाले. बराकीतल्या त्या एकाकी रात्री फुकट गेल्या नव्हत्या.

लढाई संपली. म्हैसूरच्या राज्याचा मोठा मुलूख कंपनीच्या हाती आला. आता त्या मुलखाची पैमाइश करायची होती. पैमाइश हा शब्द तुम्हांला उर्दूतून ठाऊक आहेच. मराठीत आपण त्याला मोजणी म्हणतो. त्या वेळी लॅम्बटन यांनी सरकारपुढे एक वेगळीच योजना मांडली. रस्त्याने चालत जाऊन अंतरे मोजायची आणि त्यावरून नकाशा काढायचा, ही जुनी रीत त्यांना पसंत नव्हती. वाट वळते, चढते, उतरते. प्रत्येक वळणावर थोडी चूक होते आणि चुका साठत जातात. त्याऐवजी साऱ्या द्वीपकल्पावर किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांचे जाळे पसरावे, असे त्यांचे म्हणणे होते. १८०० मध्ये मद्रास सरकारने योजना मान्य केली.

त्यांच्या मनात आणखी एक गोष्ट होती. पृथ्वीचा आकार नेमका कसा आहे, हे त्यांना मोजून पाहायचे होते.

पृथ्वी गोल आहे हे तर फार पूर्वीपासून ठाऊक होते. नवव्या शतकात बगदादचा खलिफा मामून याच्या सांगण्यावरून विद्वानांनी सिंजारच्या सपाट वाळवंटात दोऱ्या धरून उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे अंतर मोजले होते. ध्रुवताऱ्याची उंची एक अंशाने बदलेपर्यंत ते चालत गेले. अकराव्या शतकात अल्‌ बेरुनी यांनी झेलम नदीच्या बाजूच्या नंदना येथील डोंगरावर उभे राहून क्षितिज किती खाली झुकलेले दिसते तो कोन मोजला आणि केवळ गणिताच्या बळावर पृथ्वीची त्रिज्या काढली. त्यांचे उत्तर आश्चर्य वाटावे इतके जवळचे आहे. परंतु पृथ्वी चेंडूसारखी अगदी गोल नाही. ती ध्रुवांजवळ थोडी चपटी आहे. त्यामुळे अक्षांशाच्या एका अंशाची लांबी विषुववृत्ताजवळ सुमारे ११०.६ किलोमीटर, तर ध्रुवांजवळ सुमारे १११.७ किलोमीटर भरते. जेमतेम एक किलोमीटरचा हा फरक! तो पकडायचा तर मोजणी किती काटेकोर हवी, याचा विचार करा.

आता हे त्रिकोणांचे काम कसे चालते ते पाहू. त्रिकोणाला तुम्ही उर्दूत मुसल्लस म्हणता आणि कोनाला जाविया. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन समजले, की उरलेल्या दोन बाजू न मोजता गणिताने काढता येतात. म्हणजे एकच बाजू जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची. तिला पायारेषा म्हणतात. मग दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीचा कोन घ्यायचा. टेकडीपर्यंतचे अंतर निघाले की तीच बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. असे एकाला एक जोडत टेकडीवरून टेकडीवर पुढे जात राहायचे. मध्ये दरी असो, नदी असो, अरण्य असो; नजर पोहोचली की पुरे.

गेल्या वर्षी आम्ही नववीच्या मुलांनी शाळेच्या गच्चीवर हा प्रयोग केला. गच्चीच्या कठड्यालगत २० मीटरची रेघ आखली आणि दूरच्या एका माडाचे अंतर काढायचे ठरवले. एका टोकाला काटकोन होता. दुसऱ्या टोकाला एका गटाने ८० अंश वाचले. त्यांचे उत्तर ११३ मीटर आले. दुसऱ्या गटाने ८१ अंश वाचले; त्यांचे उत्तर आले १२६ मीटर! एका अंशाच्या चुकीने माड तेरा मीटर पलीकडे सरकला. दोन्ही गट भांडत बसले. खरे म्हणजे दोष कोणाचाच नव्हता. आमचा कोनमापक पुठ्ठ्याचा होता आणि पाया फार आखूड होता. लॅम्बटन यांना हीच अडचण साऱ्या देशाच्या मापावर सोडवायची होती.

म्हणून त्यांनी पायारेषेवर अपार मेहनत घेतली. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे काम सुरू झाले. रेषा सुमारे १२ किलोमीटर लांब होती. ती मोजण्यासाठी त्यांच्याकडे १०० फुटांची पोलादी साखळी होती. आपल्याकडे तिला जरीब म्हणत. या जरिबेची कथाही मोठी गमतीची आहे. ती लंडनहून चीनच्या बादशहाला नजर करण्यासाठी पाठवली होती. बादशहाने ती घेतली नाही आणि फिरत फिरत ती हिंदुस्थानात आली. ही साखळी लाकडी पेट्यांमध्ये, तिवयांच्या आधाराने अगदी समपातळीत ठेवली जाई. ऊन वाढले की पोलाद प्रसरण पावते, म्हणून जवळ थर्मामीटर ठेवून प्रत्येक वेळी तापमान लिहून घेत. एप्रिल-मे महिन्यांतील मद्रासचे ऊन डोक्यावर घेत ती साखळी सुमारे ४०० वेळा उचलली आणि ४०० वेळा मांडली. केसाएवढा फरकही त्यांना चालत नसे.

कोन मोजण्याचे यंत्र म्हणजे थिओडोलाइट. ते त्यांनी लंडनच्या विल्यम कॅरी या कारागिराकडून बनवून घेतले. त्याचे आडवे वर्तुळ तीन फूट व्यासाचे होते आणि वजन अर्धा टन. ते घेऊन येणारे जहाज वाटेत फ्रेंचांनी पकडले व मॉरिशसला नेले. त्या वेळी इंग्रज आणि फ्रेंच एकमेकांचे शत्रू होते. पण पेटी उघडल्यावर आत शास्त्रीय यंत्र आहे असे दिसताच तेथील फ्रेंच गव्हर्नरने ते सन्मानाने मद्रासला पाठवून दिले. दोन राज्यांत युद्ध चालू असताना घडलेली ही गोष्ट मला फार आवडते.

मग मद्रासपासून पश्चिमेकडे मंगळूरच्या किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची साखळी गेली. हे काम पुरे झाल्यावर एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस आली. जुन्या नकाशांत या ठिकाणी द्वीपकल्पाची रुंदी ४०० मैल दाखवली होती. लॅम्बटन यांच्या मोजणीत ती ३६० मैल भरली. चाळीस मैलांचा मुलूख कागदावरून नाहीसा झाला! जमीन होती तेवढीच होती. चुकला होता तो नकाशा.

येथे थोडे थांबून आपल्या गावाकडे पाहू. लॅम्बटन ज्या १८०२ साली मद्रासजवळ साखळी मांडत होते, त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, आपल्या वसईत दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी कंपनीशी तह केला. या वसईच्या तहाने कंपनीचा पाय मराठी मुलखात पक्का रोवला गेला. पुढे लढाया झाल्या आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली. या दोन गोष्टी वेगळ्या दिसल्या तरी एकमेकींपासून फार दूर नाहीत. कंपनीने मोजणीला पैसा दिला तो केवळ विद्येच्या प्रेमाने नव्हे. फौज कोणत्या घाटातून न्यावी, तोफा कोणत्या नदीतून पार होतील, कोणत्या खोऱ्यातून किती महसूल मिळेल, हे तिला हवे होते. लॅम्बटन यांच्या मनात पृथ्वीचा आकार होता आणि त्यांच्या मालकांच्या मनात पृथ्वीवरचे राज्य होते. लोकांनाही याचा वास येत असे. डोंगरावर निशाण उभे राहिले म्हणजे मागून फौज येणार, असे गावकऱ्यांना वाटे. शिवाय थिओडोलाइटच्या दुर्बिणीतून सारे उलटे दिसते. साहेब या नळीतून आपल्या जनानखान्यात पाहतात आणि आपल्या बायका त्यांना उलट्या दिसतात, अशी कुजबुज होई. त्या भीतीला आज हसू येते. पण न विचारता आपल्या घरावर कोणी दुर्बीण रोखली, तर आपल्याला तरी कसे वाटेल?

१८०८ मध्ये काम कावेरीच्या खोऱ्यात आले. तेथे भूमी सपाट, सगळीकडे माडांची दाटी, टेकडी नावाला नाही. उंच काही असेल तर ती देवळे. म्हणून तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या उंच शिखरावर थिओडोलाइट चढवायचे ठरले. दोरखंडांनी यंत्र वर खेचत असताना एक दोर तुटला. अर्ध्या टनाचे यंत्र हेलकावा खाऊन दगडी भिंतीवर आदळले. कोन मोजणारे वर्तुळच वाकडे झाले.

नवे यंत्र इंग्लंडहून यायला दोन-तीन वर्षे लागली असती. कोणाला वाटले असेल की आता सारे संपले. लॅम्बटन रागावले नाहीत, त्यांनी कोणाला शिक्षाही केली नाही. ते यंत्र घेऊन तंबूत शिरले. यंत्राचा भाग न् भाग सुटा केला. जमिनीवर तीन फूट व्यासाचे शुद्ध वर्तुळ आखले आणि पाचरी, स्क्रू, कप्प्या यांच्या साहाय्याने वाकलेली कड रोज थोडी थोडी ओढून त्या वर्तुळावर आणायला सुरुवात केली. सहा आठवडे हे काम चालले. शेवटी वर्तुळ पुन्हा वर्तुळ झाले. त्याच यंत्राने त्यांनी पुढची सारी वर्षे काढली. लॅम्बटन कोण होते असे मला कोणी एका वाक्यात विचारले, तर मी लढायांचे नाव घेणार नाही, हे सहा आठवडे सांगेन.

द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकापर्यंत जाऊन झाल्यावर काम उत्तरेकडे वळले. म्हैसूर, गुत्ती, मग बीदर. आता दख्खनचे पठार लागले. पठार म्हणजे मैदान नव्हे, हे तुम्ही एसटीने नाशिककडे किंवा पुण्याकडे जाताना पाहिले असेल. काळ्या खडकाचे सपाट माथे, मध्येच तुटलेले कडे, खाली रुंद खोरी, नद्या, ज्वारी-कापसाची काळी जमीन. माथ्यावरून माथा दिसतो, म्हणून त्रिकोण मांडायला पठार चांगले. मात्र पावसाळ्याआधी हवा धुळीने भरलेली असते आणि दूरचे निशाण दिसत नाही. स्वच्छ हवा पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर मिळते. म्हणजे नेमके रान ओले, ओढे भरलेले आणि हिवताप पसरलेला असतो तेव्हाच काम करायचे. कृष्णा आणि गोदावरी यांच्या मधल्या अरण्यात एका हंगामात साहेबापासून खलाशांपर्यंत सारी छावणी तापाने अंथरुणाला खिळली. त्यांना डोल्यांतून व हत्तींवरून हैदराबादला आणावे लागले. कित्येकांनी वाटेतच प्राण सोडला.

खलाशी हा शब्द येथे जहाजावरच्या नोकराचा नाही. मोजणीच्या छावणीत निशाण धरणारे, साखळी ओढणारे, झाडे तोडून नजरेची वाट मोकळी करणारे, यंत्राच्या पेट्या खांद्यावरून डोंगरावर नेणारे ते खलाशी. एकेका माथ्यावर ते दिवसचे दिवस निशाण धरून बसत. वाघ, साप, ताप सारे त्यांच्या वाट्याला. पृथ्वीच्या मोजमापाचे आकडे पुस्तकांत छापले गेले. ज्यांच्या खांद्यांवरून ते यंत्र गेले त्यांची नावे कोठे छापलेली नाहीत.

त्रिकोण मांडले म्हणजे नकाशा झाला असे मात्र नाही. त्रिकोण हा घराचा सांगाडा. भिंती आणि दारे-खिडक्या नंतर येतात. मोठ्या त्रिकोणांच्या आत लहान त्रिकोण आखले जात. मग तिवईवर सपाट लाकडी तक्ता बसवून, त्यावर कागद लावून सर्वेक्षक गावोगाव फिरत. ओढा कोठून येतो, तळे केवढे, किल्ला कोणत्या बाजूला, गाडीवाट कोणत्या खिंडीतून जाते, हे सारे पाहत पाहत तेथेच कागदावर उतरवत. समोच्चरेषांची रीत अजून रुळली नव्हती. डोंगराचा उतार ते बारीक बारीक रेघोट्यांनी दाखवत. चढ जितका खडा तितक्या रेघोट्या दाट आणि काळ्या. जुने नकाशे पाहिले तर डोंगररांगा काळ्या केसाळ सुरवंटांसारख्या दिसतात! गंमत वाटते, पण खोरे कोठे आणि पठाराची कड कोठे, हे त्यावरून चटकन कळते.

१ जानेवारी १८१८ रोजी लॅम्बटन यांच्या कामाला भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण असे नाव मिळाले आणि ते थेट गव्हर्नर जनरलच्या हाताखाली आले. मुख्य ठाणे हैदराबादला हलले. पॅरिस व लंडन येथील विज्ञानसंस्थांनी लॅम्बटन यांना आपले सभासद करून घेतले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्या मदतीला एक तरुण अधिकारी आला. त्याचे वय २८ होते आणि नाव जॉर्ज एव्हरेस्ट. हे नाव तुम्हांला ओळखीचे वाटते ना?

लॅम्बटन आता पासष्टीला आले होते. डोक्यावरचे केस गेले होते, खोकला पाठ सोडत नव्हता. एकदा यंत्रासमोर उभे राहिले म्हणजे मात्र त्यांचे वय नाहीसे होत असे. कामातून निवृत्त होऊन विलायतेला जावे असे त्यांच्या मनात आलेले दिसत नाही. तोवर सुमारे १ लाख ६५ हजार चौरस मैल मुलखावर त्यांच्या देखरेखीखाली त्रिकोण पसरले होते. हे क्षेत्र आजच्या महाराष्ट्राच्या क्षेत्राहून मोठे आहे. मधल्या मुख्य साखळीने दक्षिण टोकापासून वऱ्हाडापर्यंत मजल मारली होती.

पुढचे काम उत्तरेला होते, म्हणून मुख्य ठाणे हैदराबादहून नागपूरला न्यायचे ठरले. १८२३ च्या आरंभी थंडीच्या दिवसांत छावणी निघाली. गोदावरी मागे पडली, वर्धेच्या खोऱ्यातील काळी कापसाची जमीन आली. लॅम्बटन यांचा खोकला वाढत चालला होता. बरोबर डॉक्टर होते. पण क्षयाने पोखरलेल्या छातीवर त्या काळी औषध नव्हते. वेणा नदीकाठच्या हिंगणघाट गावी तंबू पडले. २० जानेवारी १८२३ रोजी तेथेच, तंबूत, त्यांनी शेवटचा श्वास घेतला. वय सत्तरच्या आसपास होते. नागपूर तीन-चार मजलांवर राहिले होते.

त्या वेळी एव्हरेस्ट जवळ नव्हते. ते बीदरपासून पश्चिमेकडे, मुंबईच्या दिशेने निघालेल्या साखळीच्या कामावर होते. नंतर दुसऱ्या अधिकाऱ्यांनी ही साखळी सह्याद्री ओलांडून कोकणात आणली. म्हणून सुरुवातीला म्हटले की तुंगारेश्वरच्या परिसरातील नकाशावरचे त्रिकोण लॅम्बटन यांच्या कामाचे वंशज आहेत. ते स्वतः वसईला आल्याचे कोठे नमूद नाही. मद्रासजवळची ती बारा किलोमीटरची रेघ मात्र त्रिकोणातून त्रिकोणात होत आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचली.

एव्हरेस्ट यांनी काम हाती घेतले आणि १८४३ पर्यंत चालवले. ते स्वभावाने कडक आणि तापट होते. जुनी यंत्रे झिजली होती, ती दुरुस्त कोण करणार, हा मोठाच प्रश्न होता. तो सोडवला सय्यद मीर मोहसीन हुसेन यांनी. ते दक्षिणेतील अर्काटचे. मूळ धंदा जडजवाहीर आणि घड्याळांच्या कारागिरीचा. विलायतेत यंत्रविद्या शिकलेले नसतानाही केवळ हाताच्या कसबाने आणि तल्लख बुद्धीने त्यांनी ही अवघड यंत्रे दुरुस्त केली. पुढे सर्वेक्षण खात्याचे यंत्रकार म्हणून सरकारने त्यांची नेमणूक केली. तोवर ही जागा विलायतेहून आणलेल्या इंग्रज कारागिराकडे होती. तुमच्यापैकी जे बापाच्या किंवा मामाच्या दुकानात बसून घड्याळे आणि रेडिओ उघडून पाहतात, त्यांनी हे नाव वहीत लिहून ठेवावे. मी त्यांना ओरडतो ते अभ्यास बुडवल्याबद्दल. घड्याळ उघडल्याबद्दल कधी ओरडलो नाही.

१८४१ मध्ये मुख्य साखळी हिमालयाच्या पायथ्याशी डेहराडूनपर्यंत पोहोचली. दक्षिण टोकापासून सुमारे २४०० किलोमीटर! याच जाळ्यावरून पुढे दूरच्या हिमशिखरांचे कोन घेतले गेले. बंगालचे गणिती राधानाथ सिकदर यांनी १८५२ च्या सुमारास आकडेमोड केली आणि एक शिखर साऱ्या जगात उंच ठरले. त्याला एव्हरेस्ट यांचे नाव देण्यात आले. नेपाळी लोक त्याला सगरमाथा म्हणतात, तिबेटी लोक चोमोलुंग्मा म्हणतात. तिबेटी नाव तर आधीपासून होतेच.

लॅम्बटन यांच्या नावाचे शिखर तुमच्या नकाशात सापडणार नाही. मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीने वर्धा-सेवाग्रामपर्यंत गेलात, आणि तेथून बल्हारशाहकडे जाणारी गाडी धरलीत, तर पुढे हिंगणघाट स्टेशन लागते. कापसाचे जुने, नावाजलेले गाव आहे. त्या गावात, घरांच्या दाटीत, त्यांची कबर आहे.